मीडिया प्लेयर (संगणक आज्ञावली)

मीडिया प्लेयर ही संगणकावर साठवलेल्या ध्वनिफिती व चित्रफिती ऐकवणारी आणि दाखवणारी आज्ञावली होय. संगणकात साठवलेला आवाज किंवा चित्र मुळात केवळ अंकांच्या स्वरूपात असते. त्या अंकांची उकल करून ध्वनी ध्वनिवर्धकाकडे व चित्र पडद्याकडे योग्य वेळी पोहोचवणे हे या आज्ञावलीचे मुख्य काम असते. व्हीएलसी मीडिया प्लेयर, विंडोज मीडिया प्लेयर, मीडिया प्लेयर क्लासिक, एमपीव्ही आणि क्विकटाइम ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. प्रस्तुत लेखात घरगुती संगणकावर मीडिया प्लेयरची स्थापना कशी करावी, नेहमी येणाऱ्या अडचणींची कारणे कोणती आणि त्यांवर कोणते उपाय करता येतात, यांची माहिती दिली आहे. उदाहरणांसाठी प्रामुख्याने व्हीएलसीचा विचार केला आहे. कारण ही आज्ञावली विनामूल्य व मुक्तस्रोत असून विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रमुख कार्यप्रणालींवर चालते.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये विंडोजच्या बहुमाध्यमी आवृत्तीसोबत मीडिया प्लेयर नावाची छोटी आज्ञावली दिली. १९९५ मध्ये रिअलप्लेयरचा पूर्वावतार व १९९७ मध्ये विनॅम्प या आज्ञावल्या आल्या. विनॅम्पमुळे एमपी३ या प्रकारातील गाणी घरोघरीच्या संगणकांवर वाजू लागली. महाराष्ट्रात याच सुमारास व्हीसीडीचा प्रसार झाला. एका व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटांचे चित्रीकरण मावत असल्याने पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट किंवा नाटक दोन वा तीन तबकड्यांवर विभागलेले असे. लग्नसमारंभ, कीर्तन, गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन यांची चित्रीकरणेही छायाचित्रकार याच तबकड्यांवर करून देत.

व्हीएलसीचा उगम १९९६ मध्ये फ्रान्समधील एकोल सांत्राल पॅरिस या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात झाला. विद्यार्थ्यांच्या निवासी परिसरातील संगणकजाळ्यातून चित्रफिती प्रसारित करणे हा त्या प्रकल्पाचा हेतू होता. १९९८ मध्ये आज्ञावली नव्याने लिहिण्यात आली आणि १ फेब्रुवारी २००१ रोजी ती जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स या मुक्त परवान्याखाली खुली झाली. पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे १.०.०, जुलै २००९ मध्ये व ३.० ही आवृत्ती फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. आज्ञावलीची देखभाल व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था करते. रस्त्यावरील कामाच्या ठिकाणी ठेवला जाणारा नारिंगी-पांढरा शंकू हे तिचे बोधचिन्ह आहे.

वेष्टन आणि कोडेक

मीडिया प्लेयरच्या बहुतेक अडचणी वेष्टन आणि कोडेक या दोन संकल्पनांतील फरक ध्यानात न आल्याने निर्माण होतात.

संचिकेच्या, म्हणजेच फाइलच्या, नावाअखेरीस येणारी एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही, थ्रीजीपी यांसारखी अक्षरे तिचे वेष्टन कोणते आहे ते सांगतात. वेष्टनात चित्राचा प्रवाह, आवाजाचा एक किंवा अनेक प्रवाह, उपशीर्षके आणि कोणता भाग केव्हा दाखवायचा याची अनुक्रमणिका एकत्र ठेवलेली असते. वेष्टनाच्या आत चित्र व आवाज कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहेत, हे कोडेकवरून ठरते. एच.२६४, एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ हे चित्राचे, तर एमपी३, एएसी, व्हॉर्बिस, ओपस आणि एएमआर हे ध्वनीचे कोडेक आहेत.

डब्याच्या आकारावरून आतील भाजी ओळखता येत नाही, तसेच नावातील शेवटच्या अक्षरांवरून आतील कोडेक ओळखता येत नाही. त्यामुळेच एमपी४ प्रकारच्या दोन संचिकांपैकी एक चालते व दुसरी चालत नाही, असा अनुभव येतो. संचिकेचे नाव बदलून एव्हीआयचे एमपी४ केल्याने आतील मजकूर बदलत नाही. फार तर प्लेयरची दिशाभूल होते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. संचिका एखाद्या प्लेयरमध्ये चालत नाही, याचा अर्थ ती खराब झाली आहे असा नव्हे. बहुतेक वेळा त्या प्लेयरकडे संबंधित कोडेक नसतो एवढेच. केवळ या गैरसमजामुळे जुनी घरगुती ध्वनिमुद्रणे पुसली जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या प्लेयरमध्ये तपासल्याखेरीज कोणतीही संचिका पुसू नये.

व्हीएलसीमध्ये बहुसंख्य कोडेक आज्ञावलीतच अंतर्भूत असतात. विंडोजसोबत येणारा प्लेयर मात्र कार्यप्रणालीत उपलब्ध असलेल्या कोडेकवर अवलंबून असतो. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून अनेक आयफोन मूलतः एचईव्हीसी पद्धतीने चित्रीकरण करतात. अशा दूरध्वनीवरील चित्रफीत घरच्या जुन्या संगणकावर उघडली असता केवळ आवाज येणे किंवा विस्तारक आज्ञावली घेण्याची सूचना दिसणे, हे याच कारणाने घडते.

स्थापना

पूर्वतयारी

स्थापनेपूर्वी संगणकाची कार्यप्रणाली कोणती व ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे पाहावे. विंडोजमध्ये ही माहिती ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ विभागात ‘अबाउट’ या शीर्षकाखाली मिळते. ३२ बिट संगणकावर ६४ बिटची आज्ञावली चालत नाही. उलट ३२ बिटची आज्ञावली ६४ बिटच्या विंडोजवर सामान्यतः चालते. व्हीएलसीच्या विंडोज आवृत्तीची स्थापना-संचिका सुमारे ४० ते ४५ मेगाबाइट आकाराची असल्याने ती लहानशा पेनड्राइव्हवरही सहज मावते.

अधिकृत ठिकाणाहून प्रत मिळवणे

स्थापना-संचिका नेहमी निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा कार्यप्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. व्हीएलसीच्या बाबतीत हे संकेतस्थळ ‘व्हिडिओलॅन.ऑर्ग’ हे आहे. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणारा दुवा जाहिरातीचा असू शकतो, म्हणून पत्ता अक्षरशः वाचून खात्री करावी. व्हीएलसी विनामूल्य आहे. तिच्यासाठी पैसे, दूरध्वनी क्रमांक किंवा बँकेच्या खात्याची माहिती मागणारे स्थळ अधिकृत नसते.

संकेतस्थळावर प्रत्येक संचिकेसोबत एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला तपासणीअंक दिलेला असतो. उतरवून घेतलेल्या संचिकेचा तपासणीअंक संगणकावर काढून तो मूळ अंकाशी ताडून पाहिल्यास संचिका अर्धवट उतरली आहे किंवा मध्येच कोणी बदलली आहे का, हे कळते. त्यासाठी लागणारी सोय विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींमध्ये असते. एक अक्षर जरी वेगळे आढळले तरी ती संचिका वापरू नये.

विंडोज

उतरवलेली संचिका उघडल्यावर विंडोज प्रशासकीय परवानगी मागते. त्या चौकटीत प्रकाशकाचे नाव ‘व्हिडिओलॅन’ असे दिसत असल्याची खात्री करून परवानगी द्यावी. त्यानंतर भाषा निवडण्याची चौकट येते. तेथील यादीत मराठीचाही समावेश आहे. पुढच्या टप्प्यात घटकांची यादी येते. ती सहसा जशीच्या तशी ठेवावी. स्थापना पूर्ण झाल्यावर आज्ञावली प्रथम उघडताना इंटरनेटवरून गाण्यांची व चित्रपटांची माहिती मिळवू द्यावी का, असा प्रश्न विचारला जातो. मोजकी डेटा-मर्यादा असणाऱ्यांनी हा पर्याय बंद ठेवणे सोयीचे असते.

संचिकेवर दोनदा टिचकी मारल्यावर ती नेमक्या कोणत्या प्लेयरमध्ये उघडावी, हे विंडोजच्या ‘डिफॉल्ट ॲप्स’ या विभागात ठरवता येते. नवा प्लेयर बसवण्यासाठी जुना काढून टाकण्याची आवश्यकता नसते. दोन प्लेयर एकाच संगणकावर सुखाने नांदतात, आणि अडचणीच्या वेळी तुलनेसाठी दुसरा उपयोगी पडतो.

लिनक्स व मॅक

उबुंटू, डेबियन तसेच प्रगत संगणन विकास केंद्राने म्हणजेच सी-डॅकने डेबियनच्या आधारे विकसित केलेल्या बॉस लिनक्स यांसारख्या प्रणालींमध्ये व्हीएलसी सॉफ्टवेअर भांडारातून बसवावी. त्यामुळे पुढील सुधारणा प्रणालीसोबत आपोआप मिळतात. मॅकमध्ये उतरवलेली प्रतिमा उघडून तिच्यातील शंकूचे चिन्ह ‘ॲप्लिकेशन्स’ या संग्रहात ओढून सोडावे लागते. उतरवलेल्या प्रतिमेतूनच प्लेयर चालवल्यास ती प्रतिमा बंद होताच तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

भारतातील प्रतिबंध (२०२२)

फेब्रुवारी २०२२ पासून भारतातील अनेक इंटरनेट सेवादात्यांच्या जाळ्यावरून व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये हे स्थळ रोखण्यात आल्याची सूचना काही वापरकर्त्यांना दिसत होती. मात्र त्यामागील आदेश व त्याची कारणे त्या वेळी जाहीर करण्यात आली नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिडिओलॅनने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या संस्थेच्या साहाय्याने भारत सरकारच्या संबंधित विभागांना कायदेशीर नोटीस पाठवून आदेशाची प्रत व आपली बाजू मांडण्याची संधी मागितली. नोव्हेंबर २०२२ मध्ये हा प्रतिबंध उठवण्यात आला.

या काळात आधीपासून संगणकावर बसवलेली व्हीएलसी पूर्ववत चालत होती. अडचण नवी प्रत व सुरक्षाविषयक सुधारणा अधिकृत ठिकाणाहून मिळवण्यात होती. अधिकृत वाट बंद झाली की वापरकर्ता अनोळखी स्थळांकडे वळतो आणि तेथून मिळालेल्या प्रतीत अपायकारक आज्ञावली दडलेली असण्याचा धोका वाढतो. या घटनेमुळे तपासणीअंक ताडून पाहण्याचे आणि विश्वसनीय स्थापना-संचिकेची एक प्रत जपून ठेवण्याचे महत्त्व अधोरेखित झाले.

दुर्गम गावांतील वापर

इंटरनेटची जोडणी अखंड असेल असे गृहीत धरून लिहिलेल्या सूचना सर्वत्र उपयोगी पडत नाहीत. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे सह्याद्रीच्या ऐन कड्यावरील गाव या संदर्भात उदाहरण म्हणून घेता येते. भीमाशंकरच्या उत्तरेस असलेल्या या गावाच्या पश्चिमेला कोकणचा कडा असून आहुपे घाटाची पायवाट खाली ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात उतरते. पूर्वेकडे डिंभे धरणाचा जलाशय आणि त्यापलीकडे घोडेगाव हे तालुक्याचे मुख्यालय आहे. गावाची देवराई प्रसिद्ध असून वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची आहे. अशा डोंगराळ प्रदेशात कडे व दऱ्या मोबाइलच्या लहरींना अडवतात आणि पावसाळ्यातील वादळवाऱ्यात वीजपुरवठ्यावर परिणाम होतो.

अशा ठिकाणी पुढील पद्धत उपयुक्त ठरते. तालुक्याच्या गावी किंवा चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी पूर्ण स्थापना-संचिका उतरवून घ्यावी, तेथेच तपासणीअंक ताडून पाहावा आणि मग ती पेनड्राइव्हवर घ्यावी. काही आज्ञावल्यांची स्थापना-संचिका आकाराने अगदी लहान असते व उरलेला भाग स्थापनेच्या वेळी इंटरनेटवरून मागवते. अशी संचिका गावी नेऊन उपयोग होत नाही. व्हीएलसीची संचिका स्वयंपूर्ण असल्याने तिच्या स्थापनेला इंटरनेट लागत नाही. अनेक संगणकांवर फिरणाऱ्या पेनड्राइव्हमधून विषाणू पसरू शकतात, म्हणून तो प्रथम विषाणूरोधक आज्ञावलीने तपासावा.

घाटमाथ्यावरील दमट हवेत सीडी व डीव्हीडीच्या पृष्ठभागावर बुरशी धरते. तबकड्या कोरड्या, बंद डब्यात उभ्या ठेवाव्यात. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या मार्गाला समांतर जातो व तो भाग वाचणे यंत्राला कठीण होते. तबकडी अद्याप वाचता येत असतानाच तिची प्रत हार्ड डिस्कवर करून ठेवणे श्रेयस्कर असते.

कोविड साथीच्या काळात शाळा बंद असताना ध्वनिचित्रफितींच्या शैक्षणिक उपयोगाला मोठी गती मिळाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेली ‘टिलीमिली’ ही पाठमाला २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखवण्यात आली. जेथे थेट प्रक्षेपण किंवा इंटरनेट पोहोचत नाही, तेथे संगणकावर आधीच उतरवून ठेवलेले पाठ आणि ते चालवणारा स्वयंपूर्ण प्लेयर यांचा आधार घेता येतो.

सामान्य अडचणी व उपाय

अडचण आल्यास प्रथम तीन गोष्टी तपासाव्यात: तीच संचिका दुसऱ्या प्लेयरमध्ये चालते का, दुसरी संचिका त्याच प्लेयरमध्ये चालते का, आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर फरक पडतो का. दोष संचिकेत आहे, प्लेयरमध्ये आहे की संगणकात, हे या तीन चाचण्यांवरून बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

संचिका उघडतच नाही

संचिकेचा आकार शून्य असेल किंवा मूळ ठिकाणच्या संचिकेपेक्षा कमी असेल, तर ती अर्धवट उतरली आहे असे समजावे. मोबाइलवरून प्रत करताना तार मध्येच निघाल्याने असे घडते. मूळ संचिका शाबूत असल्यास पुन्हा प्रत करावी. व्हीएलसीमध्ये ‘टूल्स’ या सूचीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ या पर्यायातून संचिकेतील प्रवाहांची माहिती मिळते. तेथे काहीच दिसत नसेल तर दोष संचिकेतच असण्याची शक्यता अधिक असते.

आवाज येतो, चित्र दिसत नाही

याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले, कोडेक उपलब्ध नसणे. दुसरे, चित्राची उकल करण्याचे काम आलेखी कार्डाकडे सोपवले असता त्याच्या चालक आज्ञावलीशी न जुळणे. दुसऱ्या प्रकारात चित्राऐवजी हिरवा किंवा काळा पडदा दिसतो. व्हीएलसीच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ विभागात हार्डवेअरच्या साहाय्याने होणारी उकल बंद करून प्लेयर पुन्हा उघडावा. चित्र दिसू लागल्यास आलेखी कार्डाची चालक आज्ञावली अद्ययावत करावी.

चित्र दिसते, आवाज येत नाही

प्रथम प्लेयरचा व कार्यप्रणालीचा आवाज बंद केलेला नाही ना, हे पाहावे. संगणकाला एचडीएमआय तारेने दूरचित्रवाणी संच जोडला असल्यास आवाज त्या संचाकडे वळवला गेलेला असतो. ‘ऑडिओ’ सूचीतील ‘ऑडिओ डिव्हाइस’ या पर्यायातून योग्य यंत्र निवडावे. एकाहून अधिक भाषांतील आवाज असलेल्या संचिकेत ‘ऑडिओ ट्रॅक’ बदलून पाहावा. हळू आवाजात मुद्रित झालेल्या ध्वनीसाठी व्हीएलसी १०० टक्क्यांहून अधिक आवाज वाढवण्याची सोय देते. मात्र तिचा दीर्घकाळ वापर केल्यास आवाज फाटतो आणि लहान ध्वनिवर्धकांना इजा पोहोचू शकते.

चित्र अडखळते

पेनड्राइव्ह किंवा जुन्या मेमरी कार्डाचा वेग कमी असल्यास चित्र थांबत थांबत चालते. अशी संचिका प्रथम हार्ड डिस्कवर घेऊन मग चालवावी. तरीही अडखळत असल्यास संगणकाच्या प्रक्रियकाची शक्ती अपुरी असू शकते. चार-के दर्जाचे एचईव्हीसी चित्रीकरण दहा-पंधरा वर्षे जुन्या संगणकाला सहसा पेलत नाही. या स्थितीत हार्डवेअर उकल सुरू करून पाहणे, इतर आज्ञावल्या बंद करणे किंवा संचिकेची कमी दर्जाची वेगळी प्रत तयार करणे हे उपाय आहेत. एकाच अडचणीत हार्डवेअर उकल बंद करणे आणि दुसरीत ती सुरू करणे, हा विरोधाभास वाटला तरी दोन्हींची कारणे भिन्न आहेत.

ओठ व आवाज जुळत नाहीत

व्हीएलसीमध्ये कळफलकावरील ‘जे’ ही कळ आवाज थोडा अलीकडे व ‘के’ ही कळ थोडा पुढे सरकवते. एका दाबात ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाचा, फरक पडतो. उपशीर्षकांसाठी याच पद्धतीने ‘जी’ व ‘एच’ या कळा वापरल्या जातात. हा बदल तेवढ्या वेळेपुरता असतो. मूळ संचिकेत काहीही बदलत नाही. आरंभी जुळणारा आवाज शेवटी शेवटी अधिकाधिक मागे पडत असेल, तर दोष संचिकेच्या निर्मितीतच असतो व या कळांनी तो पूर्णतः दूर होत नाही.

चित्रीकरण मध्येच तुटलेले

चित्रीकरण सुरू असताना वीज गेल्यास किंवा मोबाइलची बॅटरी संपल्यास एमपी४ संचिका बहुधा उघडत नाही. या वेष्टनाची अनुक्रमणिका सामान्यतः चित्रीकरण संपल्यावर लिहिली जाते. ती लिहिलीच न गेल्याने आतील चित्र असूनही प्लेयरला ते सापडत नाही. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मांडणीवर केलेली दुसरी अखंड संचिका नमुन्यासाठी उपलब्ध असल्यास दुरुस्तीच्या विशेष आज्ञावल्यांनी बराचसा भाग परत मिळवता येतो. तोपर्यंत त्या मेमरी कार्डावर नवे चित्रीकरण करू नये व ते ‘फॉरमॅट’ करू नये. एव्हीआय संचिकेची अनुक्रमणिका तुटलेली असल्यास व्हीएलसी ती तात्पुरती नव्याने बांधण्याचा पर्याय स्वतःहून देते.

मराठी उपशीर्षके नीट दिसत नाहीत

देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असल्यास निवडलेल्या टंकात देवनागरी नसते; विंडोजमध्ये निर्मला किंवा मंगल, लिनक्समध्ये लोहित देवनागरी हा टंक निवडावा. निरर्थक रोमन चिन्हे दिसत असल्यास उपशीर्षकांची संचिका युनिकोडपूर्व काळातील टंकपद्धतीत लिहिलेली असते किंवा तिची संकेतन-पद्धती चुकीची निवडलेली असते. संचिका युनिकोडमध्ये असल्यास ‘सबटायटल्स’ विभागात यूटीएफ-८ हे संकेतन निवडल्याने अडचण सुटते. जुन्या टंकातील मजकूर मात्र आधी परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा लागतो. जोडाक्षरे तुटलेली व वेलांट्या चुकीच्या जागी दिसत असल्यास प्लेयर जुना असण्याची शक्यता असते, व्हीएलसीच्या ३.० आवृत्तीपासून भारतीय लिपींच्या अक्षरजोडणीत मोठी सुधारणा झाली आहे.

व्हीसीडी व डीव्हीडी चालत नाही

विंडोज ८ पासून कार्यप्रणालीसोबत येणाऱ्या प्लेयरमध्ये डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय नसते. व्हीएलसीमध्ये ती आहे. व्हीसीडीतील मुख्य चित्रीकरण ‘एमपीईजीएव्ही’ या संग्रहात ‘डीएटी’ अक्षरांच्या संचिकेत असते व ती व्हीएलसीने थेट उघडता येते. व्यावसायिक डीव्हीडीवर प्रदेशसंकेत असतो. भारताचा समावेश प्रदेश ५ मध्ये होतो. त्यामुळे परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेली तबकडी येथील यंत्रात नाकारली जाऊ शकते.

काहीच उपाय लागू पडत नाही

मांडणीत अनेक बदल करून गोंधळ झाला असल्यास ‘प्रेफरन्सेस’च्या चौकटीतील ‘रीसेट प्रेफरन्सेस’ हे बटण सर्व मांडणी मूळपदावर आणते. त्यानेही दोष न गेल्यास आज्ञावली काढून, संगणक पुन्हा सुरू करून अद्ययावत आवृत्ती बसवावी. प्लेयर काढून टाकल्याने संगणकावरील गाणी वा चित्रफिती पुसल्या जात नाहीत.

सुरक्षितता

चित्रपट पाहत असताना ‘कोडेक उपलब्ध नाही, येथे टिचकी मारा’ अशी सूचना संकेतस्थळावर दिसणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. प्रत्यक्षात त्या टिचकीने अपायकारक आज्ञावली बसवली जाते. नावाअखेरीस ‘ईएक्सई’ ही अक्षरे असलेली संचिका चित्रफीत नसते. ती आज्ञावली असते. विंडोज मूलतः ही शेवटची अक्षरे लपवून ठेवत असल्याने ती दिसण्याची सोय सुरू करून ठेवावी. मुद्दाम सदोष बनवलेल्या चित्रफितींतून प्लेयरमधील त्रुटींचा गैरफायदा घेतला जाऊ शकतो, म्हणून प्लेयर अद्ययावत ठेवणे आवश्यक आहे. विंडोजवरील क्विकटाइमचे समर्थन २०१६ मध्ये व ॲडोबी फ्लॅशचे समर्थन २०२० च्या अखेरीस संपले. या आज्ञावल्या जुन्या संगणकावर आढळल्यास काढून टाकाव्यात.

रूपांतर व जतन

जुन्या मोबाइलवरील थ्रीजीपी व एएमआर प्रकारची मुद्रणे, कॅसेटवरून संगणकावर घेतलेला आवाज आणि व्हीसीडीवरील चित्रीकरणे यांचे आधुनिक प्रकारांत रूपांतर करता येते. व्हीएलसीच्या ‘मीडिया’ सूचीतील ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ हा पर्याय त्यासाठी आहे. एका कोडेकमधून दुसऱ्यात नेताना दर्जा काही अंशी घटतो व गमावलेला तपशील परत मिळत नाही. म्हणून रूपांतरित प्रत ही वापरासाठी समजावी आणि मूळ संचिका तशीच जपावी. संदेशवहनाच्या ॲपवरून चित्रफीत म्हणून पाठवलेली प्रत बहुधा आकुंचित होऊन पोहोचते. जतनासाठी मूळ संचिका तारेने किंवा कार्डाने घ्यावी. किमान दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात.

या जतनाला सांस्कृतिक बाजूही आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वँ यांनी पुण्यातील संस्थेच्या माध्यमातून ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण बर्नार बेल यांच्या सहभागाने झाले. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे संकेतस्थळ २०१७ पासून हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करत आहे. अशा संस्थात्मक प्रकल्पांपर्यंत न पोहोचलेला फार मोठा ठेवा घरोघरी मोबाइलवर, मेमरी कार्डांवर व तबकड्यांवर विखुरलेला असतो. ज्या आजीने ओवी म्हटली ती पुन्हा म्हणण्यास उपलब्ध असेलच असे नाही. त्यामुळे ती संचिका उघडेनाशी झाली असता तिचा योग्य प्लेयर शोधणे हे केवळ करमणुकीपुरते तांत्रिक काम उरत नाही.

मुक्त स्वरूपांचा वापर

विकिपीडिया व विकिमीडिया कॉमन्स या प्रकल्पांवर ध्वनी व चित्रफितींसाठी ऑग आणि वेबएम यांसारख्या मुक्त स्वरूपांना प्राधान्य दिले जाते. या स्वरूपांच्या वापरासाठी कोणालाही शुल्क द्यावे लागत नाही व त्यांचे तांत्रिक वर्णन सर्वांना खुले असते. एमपी३ तंत्रज्ञानाचा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये संपुष्टात आल्यानंतर ते स्वरूपही व्यवहारतः निर्बंधमुक्त झाले. स्वरूपाचे वर्णन खुले असेल, तर आजचे प्लेयर बंद पडले तरी भविष्यात त्यासाठी नवा प्लेयर लिहिणे शक्य असते. दीर्घकाळ जपावयाच्या मराठी ध्वनिमुद्रणांसाठी स्वरूप निवडताना ही बाब विचारात घेणे हितावह आहे.

हे सुद्धा पहा

मुक्तस्रोत आज्ञावली
युनिकोड
देवनागरी टंक
सी-डॅक
ओवी
आहुपे
आंबेगाव तालुका